दोन दारांमधली कांडी

"माझ्या भावानं चोरी केलेली नाही," दारातली बाई म्हणाली. "आणि केली असं तुमचं मत पडणार असेल, तर आत्ताच सांगा. मी आल्या पावली परत जाते."

शोधबाईंना हे गिऱ्हाईक पहिल्याच वाक्यात आवडलं. असल्या रोखठोक बोलण्याची त्यांना भूक असायची. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"मत नंतर. आधी चोरीला काय गेलं ते सांगा."

"दगड."

कोपऱ्यातल्या वर्तमानपत्राआडून एक टक्कल वर आलं. ते भावोजींचं. भावोजी म्हणजे शोधबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मेव्हणीची गाडी चालवणं, टिपणं काढणं आणि चुकीचे तर्क बांधणं ही तिन्ही कामं ते बिनपगारी पण मनापासून करत.

"दगड कोण चोरतं हो?" भावोजी म्हणाले.

"हा साधा दगड नव्हे." बाई खुर्चीच्या कडेवर टेकली. खाणीच्या दिवाघरात ती कामाला होती. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा तिच्या हातून मिळायचा, म्हणून सगळं गाव तिला दिवेवाली म्हणायचं. "यंत्रानं जमिनीत खोलवर भोक पाडलं की दगडाचा लांबच लांब दांडा बाहेर येतो. आम्ही त्याला कांडी म्हणतो. खाली माल किती आहे ते कांडी सांगते. ही कांडी माझ्या धाकट्या भावानं काढली, कंपनीच्या यंत्रावर. आणि ती निघाली मालानं गच्च."

पुढचं शोधबाईंना ठाऊक होतं, देशातल्या कुणाला नव्हतं? खाणी कंपन्यांच्या हातात ठेवायच्या की देशानं आपल्या ताब्यात घ्यायच्या, यावर घराघरांत ताटावरून माणसं उठत होती. सरकारचा आयोग गावोगाव साक्षी घेत हिंडत होता, आणि आज दुपारी दिवेवालीच्या गावाची पाळी होती.

"कांडी सभागृहात काचेच्या पेटीत ठेवली होती. आज पहाटे पाळी बदलायच्या भोंग्याला पेटीच गायब. फौजदारांनी भावाला उचललं, कारण काल तो चारचौघांत बडबडला होता, 'कांडी मी काढली आणि पाटीवर माझं नाव नाही. आणतो की नाही परत बघा!'" तिचा आवाज इथे पहिल्यांदा चिरकला. "तो तोंडाचा फाटका आहे, चोर नाही. आणि दुपारी आमचा मामा आयोगापुढे उभा राहणार, खाण देशाची करा म्हणून सांगायला. कंपनीवाले काय म्हणतील? ह्या चोरांच्या भरवशावर देशानं खाणी चालवायच्या? सगळ्या गावाची मान खाली जाईल हो."

"अहो, हीच का ती?" भावोजींनी वर्तमानपत्र पसरलं. पानभर रंगीत फोटो होता. "मॅनेजरसाहेब काय ऐटीत उभे आहेत! मागे पाटी, 'देशाच्या पोटातली दौलत'. आणि कांडी पाहा. बाण वरच्या बाजूला, डावीकडे लाल रेघ, उजवीकडे निळी. रंग कसले भडक! माझ्या वर्गात कुणी असले लावले असते तर कान पिळला असता."

"कान नंतर पिळा, भावोजी. गाडी काढा."

*

चौकीत भावाला भेटायला बाहेर आणलं. गडी उंच, रापलेला, चेहऱ्यावर राग मावत नव्हता. तो तरातरा येऊन बाकावर बसला आणि मागे कोठडीचं दार सताड उघडंच राहिलं. शिपाई धावला.

"दार!" दिवेवाली ओरडली. "कोठडीचंही लावत नाही मेला! घरी पण असाच. मांजर आत, कुत्रं आत, ह्याला पत्ता नाही."

"उघड्या माळावर यंत्र चालवतो मी. तिथं दारं कुठं आहेत लावायला?"

"तुम्ही खाली खाणीत जात नाही?" शोधबाईंनी विचारलं.

"छे! मी वरचा माणूस. खाली मामानं जन्म काढला. त्याआधी तोही ड्रिलवरच होता."

"पेटीतली कांडी कशी दिसत होती?"

"आम्हाला कोण आत सोडतंय? बोलावणं मोठ्यांना आणि युनियनतर्फे मामाला. मी काढली, रेघा मारल्या आणि कंपनीच्या ऑफिसात पोचवली. तिथं ती चांगली दोन-तीन दिवस होती."

"रेघा कसल्या?"

"कांडी तुकड्यातुकड्यांनी मोडते, म्हणून जोडताना उलटसुलट होऊ नये यासाठी. वरच्या टोकाकडे बाण. बाण वर धरला की लाल रेघ उजव्या हाताला, निळी डाव्या. हे ज्याचं चुकलं त्याला दुसऱ्या दिवशी ड्रिलपाशी उभं करत नाहीत." रागातही त्याला हसू फुटलं. "मामानं मला लहानपणीच शिकवलं, आईच्या लाटण्यावर रेघा ओढून. आईनं दोघांनाही घराबाहेर काढलं होतं."

भावोजींना लाटण्याची गोष्ट इतकी आवडली की त्यांचं टिपण घ्यायचं राहून गेलं. शोधबाई मात्र गाडीत बसल्यावर वर्तमानपत्र मांडीवर घेऊन फोटो निरखत राहिल्या.

*

पेटी ठेवली होती ती खोली सभागृहाच्या मागच्या बाजूला होती. गावात धुरळा फार, म्हणून तिला दोन दारं. बाहेरचं दार उघडून आत आलं की जेमतेम एक माणूस मावेल अशी बोळकंडी, मग आतलं दार. खोलीच्या खिडकीची काच केव्हाची फुटलेली. दोन्ही दारं एकदम उघडली की वारा असा घुसायचा की विचारू नका.

बोळकंडीच्या फरशीला कालच पॉलिश केलं होतं. शोधबाई खाली वाकल्या. ऐन मध्ये एका चौकोनी पेटीचा ठसा उमटला होता.

"पेटी टेकवली इथे," भावोजी म्हणाले. "दमला असेल चोर."

"आतून चार पावलं आल्यावर? बरं, पहारेकऱ्याला बोलवा."

पहारेकरी भेदरलेला होता. भोंगा झाल्यावर तो फाटक उघडायला गेला होता. परतताना त्याला दारांचा आवाज आला, आणि वळणापाशी पोचला तोवर हेल्मेट घातलेला एक माणूस पाठमोरा निघून जाताना दिसला.

"आवाज कसा आला?"

"आधी एक दार लागलं, बाई. मग जरा वेळ काही नाही. मग दुसरं उघडलं, आणि तेही लागलं."

"घाईत नव्हता म्हणायचा," फौजदार म्हणाले. ते मघाशीच आत आले होते, दोन्ही दारं ढकलून, आणि भावोजी टेबलाखाली उडालेले कागद शोधत होते. "तरी सांगतो बाई, सरळ प्रकरण आहे. दुपारी आयोगाच्या अध्यक्षबाई येतील, त्याआधी पोरगा कबूल होईल."

"त्याआधी तिघांशी बोलू द्या. ती कांडी जवळून पाहिलेल्या तिघांशी."

पहिले आले मॅनेजर. त्यांच्या शिपायानं पुढे होऊन एका हातानं बाहेरचं आणि पायानं आतलं दार धरून ठेवलं, साहेब मधून डुलत आले आणि भावोजींचे कागद पुन्हा छताला लागले.

"फार वाईट झालं," मॅनेजर म्हणाले. "खाण म्हणजे आमचं लेकरू. सरकारनं ओरबाडून घेतली तर आम्ही उघड्यावर येऊ. आमचा विरोध आहे, कायम राहील. पण घ्यायचीच असेल तर मोबदला ह्या कांडीवरच धरला पाहिजे. कांडी गेली म्हणून काय झालं? फोटो आहे, आमच्या माणसांचा अहवाल आहे."

"फोटोतली कांडी तुमच्याच खाणीतली?"

"शपथेवर सांगतो! दुपारी आयोगापुढेही तेच सांगणार आहे."

दुसरे प्राध्यापक. राजधानीहून खास राष्ट्रीयीकरणाच्या विरोधात बोलायला आलेले. काखेत पुस्तकं, डोक्यात विचार. दोन्ही दारं मागे फडफडत राहिली आणि ह्या खेपेला भावोजी कागदांवर चक्क बसले.

"कांडी गेल्यानं तुमचं फावलं," शोधबाई म्हणाल्या.

"अजिबात नाही!" प्राध्यापक तडकले. "सरकारला दुकान चालवता येत नाही, खाण काय चालवणार, हे माझं मत आहे आणि ते मी उजळ माथ्यानं मांडतो. पण मला ती कांडी हवी होती. बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासा असा माझा आग्रह होता. कुणी ऐकलं नाही. आज सकाळी ती कंपनीच्याच प्रयोगशाळेत जाणार होती. एकदा तिची भुकटी केली की मागे काय उरतं?"

"कमाल झाली," ते गेल्यावर भावोजी पुटपुटले. "ज्याला खाण विकायची नाही तो किमतीचं बोलतो, आणि ज्याला कांडी नको असायला हवी त्याला ती हवी आहे."

"भावोजी, आज तुम्ही पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललात."

भावोजी इतके खूश झाले की कागद टेबलावर नीट रचायला लागले.

तिसरा आला मामा. दिवेवालीचा सख्खा मामा, पण सगळं गावच त्याला मामा म्हणे. थोराड, पांढऱ्या मिशांचा, आवाज असा की भाषणाला कर्णा लागू नये. तो आला, बसला, पाणी मागितलं. भावोजींनी गठ्ठ्यावरून हात फिरवला आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

"मामा, आज तुमचा मोठा दिवस."

"मोठा म्हणजे? ह्या दिवसासाठी म्हातारा झालो, बाई! माझा बाप ह्या खाणीत राबला, मी राबलो. तिच्या मालावर ह्या देशाचे पूल उभे राहिले. पुलावरून जाताना मी टोपी काढत नाही, पूलच मला रामराम करतो असं वाटतं. ती खाण देशाची नाही तर कुणाची?"

"भाषणात कांडीबद्दल काय सांगणार होता?"

"एक शब्द नाही."

"एवढा मोठा पुरावा, आणि एक शब्द नाही?"

"खाण माझ्या देशानं घ्यावी, एवढंच मला सांगायचंय. माझा भाचा निर्दोष आहे हेही लिहून घ्या." तो उठला. पाठ ताठ ठेवून बाहेर पडला.

*

दुपारी साक्षी सुरू व्हायच्या आधी अध्यक्षबाई स्वतः त्या खोलीत आल्या. करड्या केसांची, कमी बोलणारी बाई. मॅनेजर, प्राध्यापक, मामा, दिवेवाली, सगळे हजर होते. शोधबाईंच्या सांगण्यावरून फौजदारांनी भावालाही आणलं होतं.

"थोडक्यात सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बाहेर सगळं गाव जमलंय."

"सांगते. भावोजी, आज कागद किती वेळा गोळा केलेत?"

"विचारू नका! जो आला त्यानं उडवले."

"प्रत्येकानं?"

"फौजदार, मॅनेजर, प्राध्यापक..." भावोजी थांबले. "अरेच्चा. मामा आले तेव्हा नाही उडाले."

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं.

"चोराच्या दोन्ही हातांत जड पेटी होती," शोधबाई म्हणाल्या. "घाई होती, पहारेकरी कुठल्याही क्षणी येणार होता. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? दोन्ही दारं आधी उघडून ठेवली असती आणि पेटी घेऊन सुसाट सुटलो असतो. ह्यानं तसं केलं नाही. बोळकंडीत आला, पेटी खाली टेकवली, मागचं दार लावलं, आणि मगच पुढचं उघडलं. फरशीवर ठसा आहे, पहारेकऱ्यानं आवाज ऐकलाय. असं वागणारी माणसं कोण, दिवेवाली?"

दिवेवाली पांढरीफटक पडली होती. "खालची माणसं," ती हळूच म्हणाली. "खाली हवा वरून सोडावी लागते. ती वाटेतच परत फिरू नये म्हणून जागोजागी दोन-दोन दारं असतात. दोन्ही एकदम उघडली तर हवा जवळची वाट धरते आणि टोकाला काम करणारे गुदमरतात. म्हणून एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. स्ट्रेचरवर माणूस असला तरी नाही."

"ती सवय अंगात मुरते. तुमचा भाऊ कोठडीचंही दार लावत नाही, तो वरचा माणूस. मॅनेजरसाहेबांची दारं दुसराच धरतो. प्राध्यापकांना दार दिसतच नाही. ह्या खोलीत येताना आधीचं दार लावून मग दुसरं उघडणारा माणूस एकच."

"मामा!" दिवेवालीचा आवाज फुटला. "तू? आणि ह्याला कोठडीत बसू दिलंस?"

मामानं टोपी काढून हातात घेतली.

"बघा!" मॅनेजर उसळले. "युनियनचा पुढारीच चोर!"

"थांबा साहेब, तुमची पाळी आता." शोधबाईंनी वर्तमानपत्र टेबलावर पसरलं. "मामांनी आपल्याच बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा का पळवावा? आणि आयुष्यभराच्या भाषणात तिच्याबद्दल एक शब्द का नसावा? कारण मामांना ती खोटी आहे हे कळलं होतं. धाकट्या, कांडीवर लाल रेघ कुठे?"

"बाण वर धरला की उजवीकडे."

"आणि ह्या फोटोत?"

भाऊ वाकला. त्याच्या कानशिलाची शीर टरारून फुगली. "डावीकडे. ही मी मारलेली रेघ नाही."

"फोटो उलटा छापला असेल!" मॅनेजर म्हणाले.

"मग तुमच्या मागची पाटी सरळ कशी वाचता येते?"

भावोजींनी पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना राहवलं नाही.

"खरी कांडी तुमच्या ऑफिसात आली," शोधबाई म्हणाल्या. "तिच्यात माल बेताचा निघाला असणार. तुम्ही कुठून तरी दुसरी, मालानं गच्च अशी आणवलीत आणि ऑफिसातल्या कुणाकडून तरी रेघा मारून घेतल्या. त्याला दोन रंग असतात एवढंच ठाऊक होतं. तुमचा विरोध दिखाऊ. खाण तुम्हाला विकायचीच होती, पण ह्या कांडीच्या भावानं. आणि सकाळी तुमच्याच प्रयोगशाळेत तिची भुकटी झाली की रेघाही गेल्या. साहेब, न विकणारा माणूस कांडी गेल्यावर मोबदल्याची काळजी करत बसत नाही."

मॅनेजर दाराकडे वळले. दारात फौजदार उभे होते, आणि आता त्यांचा चेहरा वेगळाच होता.

अध्यक्षबाईंनी मामाकडे पाहिलं. "तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत?"

"कुणी ऐकलं असतं, बाई? रेघा पुसट झाल्या म्हणून पुन्हा मारल्या, असं म्हणाले असते, आणि दुपारपर्यंत भुकटी. मला ती शाबूत हवी होती. ह्यांनी आयोगापुढे शपथ घेतली की तिथंच ती पेटी टेबलावर ठेवून सगळं कबूल करणार होतो, चोरीसकट." मामा भाच्याकडे वळला आणि त्याचा तो दणदणीत आवाज पार बसला. "तुला धरतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं रे. धरलं तेव्हा वाटलं, दुपारपर्यंत कळ काढशील. चुकलंच माझं."

"कळ काढली की," भाऊ म्हणाला. "पण एक सांग. ती खोटी कांडी तशीच राहू दिली असतीस, तर आज खाण देशाची झाली असती."

"झाली असती. आणि उद्या माल निघाला नसता, की सगळा देश म्हणाला असता, खाणवाल्यांनी फसवलं." मामाची मान ताठ झाली. "मी खाण देशाला द्या म्हणतो. भोक गळ्यात मारा असं म्हणत नाही! आमची खाण आहे तेवढी आहे. तेवढ्यावरच ती घ्या, नाहीतर घेऊ नका."

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "ह्या माणसाविरुद्ध मला आता बोलायचंय," ते म्हणाले. "कठीण आहे."

"बोला की," मामा म्हणाला. "बिनधास्त बोला. मीही सोडणार नाही."

"पेटी कुठे आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"बदलीघरात, कपडे बदलतो तिथं. आम्ही घरचे कपडे साखळीला अडकवून छताशी ओढून ठेवतो. माझी साखळी अजून कुणी काढलेली नाही, पेटी तिलाच टांगलीय. आणतो."

फौजदार बरोबर निघाले. दिवेवालीनं भावाचा दंड घट्ट धरला होता, जणू तो पुन्हा जाईल. आपण रडतोय हे तिला कळत नव्हतं.

थोड्या वेळानं बाहेर पावलं वाजली. भावोजी लगबगीनं उठले. "म्हातारा माणूस, जड पेटी, दोन्ही दारं धरतो मी!"

"बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्यांना त्यांच्या पद्धतीनं येऊ द्या."

बाहेरचं दार उघडलं. पेटी खाली टेकल्याचा आवाज आला. दार लागलं. सगळे थांबले होते, अध्यक्षबाई उभ्या राहिल्या होत्या. मग आतलं दार उघडलं आणि मामा पेटी घेऊन आत आला. टेबलावरचा एकही कागद हलला नाही.

कांडी बाहेर काढली. उन्हात ती नुसती लखलखत होती, मालानं ठासून भरलेली.

"पाटीवर तुमचं नाव हवं होतं ना?" अध्यक्षबाईंनी भावाला विचारलं. "सगळ्या गावासमोर विचारणार आहे मी. ही कांडी तुमची?"

भावानं ती दोन्ही हातांत घेतली, बाण वर धरला, रेघांवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवली.

"माझी नाही. हिच्यावर माझं नाव नको."

"मग तुमची कुठे आहे?"

"ती ह्यांनी कुठं टाकली देव जाणे. पण खालचा दगड कुठं जातोय? मी पुन्हा भोक पाडतो, आयोगासमोर, गावासमोर. निघेल ती आमची."

अध्यक्षबाईंनी मान डोलावली. "आजची साक्ष सभागृहात नको," त्या म्हणाल्या. "माळावर घेऊ. यंत्र सुरू करा."

भाऊ निघाला. बोळकंडीपाशी थबकला, मामाकडे एकवार पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मागचं दार लावून मग पुढचं उघडलं.